अमृत कुणाच्या पोटात?

मोरगावच्या मयूरेश्वराची कथा सांगताना मोर आणि सिंधुदैत्याचा वध एवढं सांगून आपण मोकळे होतो. कथेतली खरी मेख सिंधूच्या पोटात आहे. सूर्याने दिलेलं अमृतपात्र त्याने गिळलं होतं; ते शाबूत असेतो त्याला मरण नव्हतं. मयूरेश्वराने त्याचं शरीर चिरून ते पात्र रिकामं केलं, तेव्हा कुठे तो मेला. म्हणजे दैत्याचं बळ ज्यावर उभं होतं ती वस्तू विष नव्हती, चक्क अमृत होती. मग वाईट नेमकं होतं कुठे? मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमेत जंतू आणि त्यांचे विषाणू कसे वागतात हे पाहिलं की हाच प्रश्न समोर येतो. माझ्या मते वाईटपणा कुणाच्या जातिस्वभावात नसतो, कोण कुठे आणि कुणाच्या संगतीत आहे यात असतो.

जंतूंमध्ये शिरणाऱ्या विषाणूंना फेज म्हणतात; त्यांतले बरेच जंतूला मारतात. द'हेरेल या शास्त्रज्ञाने 1917 मध्ये त्यांची ओळख जगाला करून दिली आणि पुढे भारतात येऊन पटकीच्या रोग्यांवर त्यांचा प्रयोगही केला. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हा त्यामागचा सरळ हिशोब. बनारस हिंदू विश्वविद्यालयात चिघळलेल्या जखमांवर फेज लावून गुणही आलेला आहे. पण स्यूडोमोनास या जंतूत पीएफ नावाचा तंतूसारखा फेज मुक्कामाला असतो आणि तिथे हा हिशोब फसतो. हा फेज आपल्या यजमानाला न फोडताच बाहेर पडत राहतो. जखमेवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, विषाणूंशी लढायच्या तयारीला लागतात, आणि जंतू गिळण्याचं त्यांचं मूळ काम मंदावतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे दाखवलं. शिवाय हेच तंतू जंतूंच्या बुळबुळीत थराला बळकटी देतात. याच्या अगदी उलट, मधुमेहींच्या पायाच्या जखमांतल्या काही स्टॅफिलोकॉकस जंतूंमध्ये फ्रान्सच्या नीम शहरातल्या संशोधकांना असा फेज सापडला, की तो आत असलेले जंतू जखमेत राहूनही फारसे चिघळवत नाहीत. दोघेही फेज, दोघेही पाहुणे; एक घर जाळतो, दुसरा शांत ठेवतो.

पुराणात सूक्ष्मजंतुशास्त्र शोधायचा हा नसता उद्योग आहे, असं कुणी म्हणेल. तसा माझा दावा नाही; कथेला फेज ठाऊक नव्हते, तिला वाईटाचा गुंता ठाऊक होता. दुसरा आक्षेप जड आहे: कुणीच मुळात दुष्ट नसेल तर मारायचं कुणाला? जंतू मारावेच लागतात. पण नुसतं अँटिबायोटिक देऊन ही जखम बरी होत नाही, हे कुठलाही सर्जन सांगेल. मेलेलं मांस काढावं लागतं, पायावरचा भार हटवावा लागतो, साखर आणि रक्तपुरवठा पाहावा लागतो. मोडायची असते ती सगळी व्यवस्था, आणि तिची सुरुवात बहुधा पाय बधिर होण्यापासून होते. वेदना ही एरवी नकोशी. इथे ती नाहीशी झाली म्हणूनच खडा रुतलेला, फोड आलेला कळत नाही. म्हणून अनवाणी वारीचा नवसही इथे तपासावा लागतो. देहाचा त्रास देवाला वाहायचा, ही त्यामागची श्रद्धा, आणि तिची थट्टा करायचं कारण नाही. पण तापलेल्या फरशीवर तळव्याला चटकाच कळत नसेल, तर त्या भक्ताने वाहिला तो त्रास कुठला?