खाट कोण उचलील?

वाचनासाठी : मार्क २ : १-१२



कफर्णहूम गावातील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपण बाळपणापासून ऐकत आलो आहो. प्रभू येशू त्याच गावात होता व बरे करण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी होते. तरी त्या मनुष्यास त्याचा काय उपयोग? त्याच्याने दारापर्यंतही चालवत नव्हते. चौघांनी त्याची खाट उचलली. गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा त्यांनी छप्पर उकलले व त्यास प्रभूसमोर खाली सोडले. शुभवर्तमानात त्या चौघांची नावे नाहीत; प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढेच लिहिले आहे.

आज आमच्या खेड्यांतही अशा खाटा पुष्कळ आहेत. मुले पोटासाठी मुंबई-पुण्यास गेली व म्हातारी माणसे मागे राहिली. सरकारने त्यांच्यासाठी काहीच केले नाही असे नाही. महाराष्ट्रात ६५ वर्षे व त्यावरील गरीब निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. सन २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १००० रुपयांवरून १५०० रुपये झाली. मुले सांभाळीत नसतील तर सन २००७ च्या कायद्यान्वये आईबापांस त्यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. वृद्धांच्या अडचणी ऐकून घेण्यासाठी १४५६७ हा फोन क्रमांकही आहे.

ज्या श्रावणाचे नाव त्या योजनेस दिले आहे, त्याने आपल्या अंध आईबापांस कावडीत घालून खांद्यावर वाहिले, हे आमच्या देशात सर्वांस ठाऊक आहे. परंतु योजनेस खांदा नसतो. अर्ज तहसील कचेरीत पोहोचवावा लागतो. वयाचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. बँकेचे खाते आधारशी जोडावे लागते. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटला नाही की पुन्हा खेप! धडधाकटास जे काम एका दिवसाचे, तेच अंथरुणास खिळलेल्यास डोंगराएवढे होते.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. मंडळीतील एका वृद्ध बाईंच्या घरी आम्ही नेमाने जात असू. गीत गावे, वचन वाचावे, प्रार्थना करावी, चहा घ्यावा व निघावे, असा आमचा क्रम होता. एके दिवशी बिनसाखरेचा कोरा चहा पुढे आला, तेव्हा कोठे आम्ही चौकशी केली. हयातीचा दाखला न गेल्यामुळे पाच महिने त्यांचे पैसे बंद होते. ज्यांच्या दीर्घायुष्याबद्दल आम्ही दर भेटीस देवाचे आभार मानीत होतो, त्या जिवंत आहेत एवढे कचेरीत कळविण्यास आमच्यापैकी एकही जण गेला नव्हता!

पहिल्या मंडळीतही अशी चूक झाली होती. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली (प्रे. कृ. ६ : १-६). प्रेषितांनी ती क्षुल्लक मानली नाही. त्या कामासाठी आत्म्याने भरलेले सात पुरुष निवडण्यात आले, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले. यावरून अन्नाची व पैशाची नीट व्यवस्था ठेवणे हीदेखील मंडळीची पवित्र सेवा आहे, हे उघड होते.

तर येत्या प्रभुदिनी उपासनेनंतर थोडा वेळ बसावे. गावात घराबाहेर पडू न शकणारे कोण कोण आहेत, याची यादी करावी. जात व धर्म पाहू नये. दोघा-तिघा तरुणांकडे एकेक घर सोपवावे. दाखल्याची तारीख, औषध संपण्याचा दिवस व मुलांचा पत्ता त्यांनी वहीत टिपून ठेवावा. भेटीस गेल्यावर प्रार्थना अवश्य करावी, परंतु उठण्यापूर्वी “पैसे मिळतात ना?” हेही विचारावे.

आम्हांस कोणाचे छप्पर उकलावे लागणार नाही. कचेरीची एक खेप व एक सकाळ पुष्कळदा पुरी होते. त्या चौघांचा विश्वास त्यांच्या खांद्यांवर दिसला. आमचाही तेथेच दिसावा, यासाठी प्रभू आम्हां सर्वांस साहाय्य करो. आमेन.