बारीक चाळणी

गेल्या दिवाळीत इंदापूरला आत्याकडे गेलो होतो. फराळ झाला आणि आत्येभावानं फोन माझ्यापुढे धरला. "दादा, हे मेल बंद करून दे ना." त्याचा डिप्लोमा झालेला, नोकरीचा शोध चालू. 'तुमची निवड झाली आहे, रजिस्ट्रेशन फी भरा' अशा एका मेलला भुलून त्यानं पंधराशे रुपये घालवले होते. आत्याला हे माहीत नव्हतं. तेव्हापासून तसल्या मेलांची रांगच लागली होती.

मी बारामतीत कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे नातेवाइकांच्या हिशेबात 'त्यातला जाणकार'. जीमेलचा फिल्टर मोबाइलच्या ॲपमध्ये बनवता येत नाही, म्हणून लॅपटॉप उघडला. 'जॉब ऑफर', 'सिलेक्टेड', 'इंटरव्ह्यू' यांतला एक जरी शब्द दिसला तरी मेल थेट डिलीट, असा नियम घातला. पाच मिनिटांचं काम. आत्यानं वर चकलीचा डबाही बांधून दिला.

जानेवारीत त्याचा फोन आला. एका कंपनीत अर्ज केला होता, उत्तर येईना म्हणून त्यानं चौकशी केली, तर ते म्हणाले, "इंटरव्ह्यूची मेल पाठवली होती की." डिलीट केलेल्या मेलांच्या कप्प्यात ती सापडली. इंटरव्ह्यूची तारीख चार दिवसांपूर्वीच उलटली होती. कप्पा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. आणखी थोडे दिवस गेले असते तर मेल आली होती हेही कळलं नसतं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, तुझी चाळणी फार बारीक निघाली."

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. नको ते आत येणं आणि हवं ते बाहेर राहणं, या दोन चुका सारख्या आहेत का?

पहिली चूक डोळ्यांना दिसते. जाहिरात समोर येते, चीड येते, कधी पैसे जातात. दुसरीचा आवाजच होत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचलं. आपल्याला वाटतं, काही आलंच नाही. तक्रार करायला कुणी उरत नाही. म्हणून आपण चाळणी बारीक करत जातो, आणि इनबॉक्स स्वच्छ दिसला की फिल्टर छान चाललाय असं समजतो.

ही अडचण जुनी आहे. 3 मे 1978 रोजी गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुमारे 400 जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकदम धाडली. पहिली स्पॅम मेल म्हणून ती ओळखली जाते. पुढे 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं एक उपाय मांडला. कुठला शब्द नकोशा मेलांत किती वेळा येतो आणि हव्याशा मेलांत किती वेळा, ते मोजायचं, आणि त्यावरून नवी मेल नकोशी असण्याची शक्यता काढायची. यामागचं गणित थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचं, त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापलेलं. मला थांबवलं ते ग्रॅहमच्या एका बारकाव्यानं. हव्याशा मेलांतले शब्द तो मुद्दाम दुप्पट धरायचा. थोडा कचरा आत आला तरी चालेल, पण खरं पत्र अडकता कामा नये. शंभर अपराधी सुटले तरी एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, हे आपण कोर्टाबद्दल ऐकत आलोय. त्यानं ते आकडेमोडीत बसवलं.

माझ्या नियमात असला बारकावा नव्हता. 'इंटरव्ह्यू' हा शब्द ठगही वापरतो आणि खरी कंपनीही. मी शब्दालाच गुन्हेगार ठरवलं.

पण मग फिल्टर नकोच का? तसं म्हणणं सोपं आहे, कारण पंधराशे रुपये माझे गेले नव्हते. प्रत्येक मेल वाचत बसायला कुणाकडे वेळ आहे? आणि फसवणारा नेमका गरजवंताच्या दारात येतो. अडवायला हवंच. प्रश्न एवढाच, की अडवणाऱ्याची जबाबदारी अडवून झाल्यावर संपते का?

आमच्याकडे नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरकडे जातो. वरचा माणूस दार किती उघडायचं ते ठरवतो, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी का आलं नाही हे रानात उभं राहून कळत नाही. मी आत्येभावासाठी तसाच वरचा माणूस झालो होतो. त्यानं मला दार लावायला सांगितलं होतं. दारामागे काय अडकतंय ते बघायला मी पुन्हा गेलो नाही.

आजी धान्य पाखडायची तेव्हा कोंडा लगेच टाकायची नाही. एकदा बोटं फिरवून बघायची. चार दाणे निघायचे, कधी एकही नाही. तरी बघायची.

आता त्याच्या फिल्टरमध्ये 'डिलीट' नाही. तसल्या मेला एका वेगळ्या लेबलखाली जमतात. जिथं अर्ज केला, त्या कंपन्यांचे पत्ते 'स्पॅममध्ये टाकू नका' असे नोंदवलेत. रविवारी तो लेबल आणि स्पॅम दोन्ही चाळतो. परवा त्याचा फोन आला, "दादा, एक मेल आलीय. खरी वाटतीय, पण भीती वाटतीय." आम्ही दोघांनी ती वाचली. मला ठरवता येईना. मग त्यानं मेलमधला नंबर सोडून, कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधला आणि फोन लावला.