मांजराची तसवीर

फजरची नमाज आटोपून फुफी पडवीत येते, तेव्हा मी वही मांडीवर घेऊन बसलेली असते. ती एकदा वहीकडे बघते, एकदा मांजरांकडे बघते आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवायला आत जाते. पूर्वी ती बोलत असे. आता आम्हा दोघींचंही वय झालं आहे.

आमचं घर मुरूडला, समुद्रापासून दोन वाड्या आत. पुढे पडवी, मागे विहीर आणि त्यापलीकडे सुपारी-नारळ. घरात माणसं दोन आणि मांजरं सध्या चार. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी स्थिरचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र शिकवण्यात नोकरी गेली. राजपुरीच्या धक्क्यावरून दिसणारा जंजिरा मुलांकडून इतक्या वेळा काढून घेतला की त्याचे बुरूज मी डोळे मिटून काढीन. घरी आल्यावर मात्र मी मांजरंच काढली. कॅलेंडरच्या मागे, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर, किराण्याच्या पुड्यांवर. किती काढली त्याचा हिशेब नाही.

मांजराला समोर बसवून चित्र काढता येत नाही. आठच्या सुमारास एकदऱ्याची कोळीण टोपली घेऊन फाटकाशी येते. तिची हाक आपल्या कानी पडायच्या आधीच मांजरांचे कान वळलेले असतात. आधी कान, मग मान, मग सगळं अंग उठतं. कान वळल्यापासून अंग उठेपर्यंतचा जो वेळ, तेवढाच माझा. तेवढ्यात पाठीची एक रेघ ओढायची. ती बरोबर आली तर बाकीचं मांजर मागोमाग येतं. ती चुकली तर डोळे, मिशा, नखं कितीही नेटकी काढा, कागदावर उशी दिसते.

फोटोचं निराळं. आधी रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटो, धुवायला अलिबागला पाठवायचे, आणि त्यांतले तीस हललेले निघायचे. आता फोनवर दिवसाला पन्नास काढले तरी कुणाचं काही जात नाही. फोनमुळेच मला मांजराची बाहुली भर दुपारी सुईसारखी कशी उभी होते आणि मगरिबच्या सुमाराला कशी गोल पसरते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. रात्री डोळे चमकतात ते डोळ्यामागच्या आरशासारख्या पडद्यामुळे. आत आलेला प्रकाश तो परत फिरवतो आणि अंधारात मांजराला तो दुसऱ्यांदा वापरायला मिळतो. आपल्या डोळ्याला ही सोय नाही.

२०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. आमची निम्मी कौलं उडाली, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि कपाटावर ठेवलेल्या माझ्या वह्यांतल्या शाईचं पाणी झालं. पंधरा वर्षांची मांजरं एका दुपारीत वाहून गेली. खरी मांजरं पोटमाळ्याच्या कोपऱ्यात कोरडी बसली होती. फुफी म्हणाली, "बघ." एवढंच म्हणाली.

तिच्या त्या 'बघ'मागे काय होतं ते आपल्या वाचकांना फोडून सांगायला नको. सजीवाची तसवीर करणाऱ्याला कयामतच्या दिवशी त्या तसवीरीत जीव घालायला सांगितलं जाईल आणि ते त्याला जमणार नाही, ही हदीस मी तिच्याच तोंडून लहानपणी ऐकली. फुफी कडवी नाही. माझ्या आर्ट टीचर डिप्लोमाची फी तिनेच भरली. मी फुलं-पानं, झाडं, फार तर किल्ला काढीन, अशी तिची समजूत होती. त्यालाही आधार आहे. तसविरांवर पोट असलेला एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा काढायचंच असेल तर झाडं काढ, निर्जीव वस्तू काढ, असा सल्ला त्यांनी त्याला दिला होता. मी एकदा तिला अबुल फजलचा दाखला दिला. चित्रकाराला अल्लाहची ओळख इतरांपेक्षा जास्त पटते, कारण जिवंत प्राणी काढताना आपण त्यात जीव घालू शकत नाही हे त्याला पदोपदी कळतं, असं अकबराचं मत त्याने नोंदवून ठेवलं आहे. फुफी म्हणाली, "अकबर बादशहाचं मला नको गो सांगू."

कॅमेरा आल्यावर वाद वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे शेख मुहम्मद बखीत यांनी फोटो जायज ठरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की फोटो काढणारा काही नवं घडवत नाही. आरशात जशी छबी पडते तशी ती पडलेलीच असते, तो ती फक्त धरून ठेवतो. १९१२ मध्ये कलकत्त्याहून मौलाना आझादांचं 'अल-हिलाल' निघालं, त्यात फोटो छापले जात. त्याच साली जंजिऱ्याच्या नझली बेगमची बहीण अतिया फैजी हिने सॅम्युअल रहमीन यांच्याशी लग्न केलं. ते जन्माने बेने इस्रायल, म्हणजे मुळात आमच्याच किनाऱ्यावरच्या समाजातले, आणि माणसांच्या तसविरा काढण्यात नाव कमावलेले. तेव्हा हा विषय आमच्याकडे काही काल-परवा आलेला नाही. पुढे २०१३ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमकडून गरजेपलीकडचे फोटो नाजायज असल्याचं पुन्हा सांगितलं गेलं. फुफीने हजच्या अर्जासाठी फोटो काढला तो गरजेचा. मांजराचा फोटो कुठल्या गरजेत बसवायचा?

मी आलिमा नाही, या वादात निवाडा देण्याचा अधिकार माझा नाही. बखीतसाहेबांचा युक्तिवाद मला बरीच वर्षं सोयीचा वाटत आला, हे कबूल करते. फुफी घरात असली की मी फोन काढायची आणि ती मशिदीपलीकडच्या बहिणीकडे गेली की वही. फोटोत माझा हात नाही, मग गुन्हाही नाही, असा तो हिशेब होता. २०२२ च्या पावसाळ्यात तो बिघडला.

त्या वर्षी आमच्या चिंधीने तीन पिल्लं दिली. त्यांतलं एक बदामी रंगाचं, गोल, कपाळावर दोन ठिपके. फुफीनेच त्याला बटण म्हणायला सुरुवात केली. तसवीरीबद्दल तिचं काही असो, मांजराबद्दल तिचा हात कधी आखडला नाही. बोंबलाचं डोकं, मांदेलीचा उकडलेला गर, आधी त्यांचं मग आमचं. हजरत अबू कतादा वुजू करत असताना मांजर पाणी प्यायला आलं आणि त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं, ही गोष्ट ती दर भांड्यामागे सांगते. मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं पैगंबरसाहेबांनी सांगितल्याचं अबू कतादांनी त्या वेळी सांगितलं होतं.

एका संध्याकाळी पाऊस थांबून पिवळं ऊन पडलं. पडवीत पितळी परात पाण्याने भरलेली होती. बटण तिच्या काठाशी येऊन बसलं, पुढचे पाय जवळ घेतले आणि मान पाण्यावर वाकवून स्थिर झालं. पाण्यात त्याचं तोंड दिसत होतं. मांजराचं पिल्लू इतका वेळ स्थिर बसत नाही. मला वाटलं, हे स्वतःला बघतं आहे. मी पोटावर पालथी पडले आणि फोटो काढत गेले. पुढून, बाजूने, परातीच्या काठावरून. सतरा फोटो. ते हललं नाही. रात्री त्यांतला एक मी नातेवाइकांना आणि जुन्या सहकाऱ्यांना पाठवला, खाली 'आरसा' असं लिहून. झोपेपर्यंत वाहवा येत होती. एकाने तो अलिबागच्या एका प्रदर्शनासाठी मागितला.

सकाळी बटण परातीपाशीच आडवं होतं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी चिमटीत धरून सोडली, ती खाली बसलीच नाही. अंगातलं पाणी संपलं होतं. पॅनल्युकोपेनिया नावाचा रोग. विषाणू आतड्यावर आणि हाडांतल्या मगजावर जातो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू झालं की लस द्यायला सुरुवात करायची असते. ती मी टोचून घेतली नव्हती. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की यात पिल्लू पाण्याच्या भांड्याशी जाऊन मान टाकून बसतं. तहान लागलेली असते आणि पिववत नाही. खिशातला फोन मला जड लागला.

दुपारी बटण गेलं. उरलेल्या दोघांना मी त्याच आठवड्यात लस दिली आणि ती वाचली. आदल्या संध्याकाळी नेलं असतं तर बटणही वाचलं असतं का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते खरंच असावं. पण मला छळत होतं ते निराळंच. मी तासभर त्याच्याकडे एकटक बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. चित्र इतकं चांगलं जमत होतं की त्यातलं आजारी पिल्लू माझ्या नजरेतून निसटलं. आरशाचा दाखला देऊन मी ज्या कॅमेऱ्याला निर्दोष ठरवलं होतं, त्याच्याच मागे बसून मी ते पाणी बघितलं होतं. अबू कतादांना भांडं कलतं करायचं सुचलं, मला कोन.

मांजराला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला पाठ असते. तिने त्याला खायला घातलं नाही, आणि जमिनीवरचे किडे-मकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. मला ती नेहमी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटे. आता वाटतं की बांधायला दोरीच लागते असं नाही. ईदला मांजराच्या डोक्यावर टोपी चढवून काढलेले फोटो येतात, मी स्वतः दोन-चार काढले आहेत. ते हसण्यावारी जातं. पण ते मांजर त्या वेळी कान मागे टाकून बसलेलं असतं, तेवढं बघायला कुणी थांबत नाही.

काही दिवस मी स्वतःची समजूत घातली की दोष फोनचा. वही असती तर चुकले नसते. रेघ ओढायची तर बरगडी बघावी लागते, श्वास किती भरभर चाललाय ते बघावं लागतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून आलेला पांढरा पडदा हाताला टाळता येत नाही. यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. १६१८ मध्ये जहांगीर बादशहासमोर त्याचा दरबारी इनायत खान याला आणलं गेलं. अफू आणि दारूने त्याचा नुसता सापळा उरला होता. जहांगीर थक्क झाला, त्याने त्याला प्रवासखर्च दिला आणि चित्रकारांना त्याची तसवीर काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी इनायत खान वारला. ते रेखाटन आज बोस्टनला आहे, रंगीत चित्र ऑक्सफर्डला. त्या चित्रकारांनी बरगडी न् बरगडी बघितली आहे, त्या कामात कसूर नाही. क्लोद मोनेने १८७९ मध्ये आपल्या मृत बायकोचं, कामीचं, चित्र काढलं आणि पुढे मित्राला सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर बदलत जाणारे रंग आपण नकळत टिपत होतो, याचीच आपल्याला धास्ती वाटली. तेव्हा पेन्सिलही सुटत नाही. आणि तरी, ती तसवीर नसती तर इनायत खान नावाचा माणूस असा झिजून गेला हे मला कुठून कळलं असतं? ही बाजूही मला खोडता येत नाही. एवढंच, की इनायत खानला कुणी विचारलं होतं का, हे त्या चित्रात कुठे दिसत नाही. बटणालाही मी विचारलं नव्हतं.

प्रदर्शनाला मी नाही कळवलं. ते सतरा फोटो पुसलेही नाहीत. पुसले तर ती संध्याकाळ घडलीच नाही असं होईल, आणि टांगले तर लोक पुन्हा 'आरसा' म्हणतील. ते फोनमध्ये आहेत. वही चालू आहे, फोनही. फरक पडला असेल तर इतकाच, की मांजर नको तितकं स्थिर बसलं की मी पेन्सिल खाली ठेवते आणि आधी त्याला उचलते. त्यात चित्रं जातात. गेल्या वर्षभरात बरीच गेली. बहुतेक वेळा मांजर नुसतं झोपलेलं असतं आणि चिडून चावतं.

बटण गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी इशानंतर फुफी माझ्या खाटेशी येऊन बसली. बराच वेळ तसबी फिरवत होती. मग म्हणाली, "त्याचा फोटो आहे का गो तुझ्याकडे?"

मी फोन हातात घेतला. अंगठ्याने सरकवत त्या संध्याकाळपाशी आले आणि फोन उलटा ठेवला. वही काढली. केरसुणीशी भांडणारं बटण होतं त्यात, शाईने काढलेलं, आठ-दहा रेघांचं. फुफीने वही आधी लांब धरली, मग चष्म्याजवळ आणली.

"शेपूट एवढं लांब नव्हतं त्याचं," ती म्हणाली.

"होतं."

"नव्हतं. रोज मी भरवत होते."

शाईचं आहे, आता बदलता येणार नाही, असं मी म्हटलं. तिने मान डोलावली. वही तिने परत दिली नाही, तशीच मांडीवर ठेवून तसबी फिरवत राहिली.