घरात वस्तीला असलेला विश्वास

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:३-५, रूथ ४:१३-१७



प्रेषित पौलाने तीमथ्याला दुसरे पत्र लिहिले ते बंदिवासातून. आपला जाण्याचा समय जवळ आला आहे, हे तो त्यात स्वच्छ सांगतो. त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, चर्मपत्रे तर विसरूच नको, आणि होईल तर हिवाळ्यापूर्वी ये, असे तो कळवितो. अशा वेळी माणूस मोजके लिहितो. ज्याच्यावाचून चालणार नाही तेवढेच लिहितो. तरीही पत्राच्या आरंभीच, अवघ्या पाचव्या वचनात, पौलाला एका म्हातारीची आठवण होते. ती म्हणजे तीमथ्याची आजी लोईस.

संपूर्ण नव्या करारात 'आजी' हा शब्द ह्या एकाच ठिकाणी आला आहे. मूळ ग्रीक शब्द 'माम्मे' असा आहे. तो मुळात लेकरांच्या तोंडचा शब्द. आमच्या निपाणी-बेळगावच्या भागात एका घरातून 'आजी' अशी हाक ऐकू येते, तर भिंतीपलीकडच्या घरातून 'अज्जी' अशी. तसाच हा घरगुती शब्द. एवढा मोठा प्रेषित, पण आजीविषयी लिहिताना त्याने घरातलाच शब्द वापरला.

पौल म्हणतो त्याचा आशय असा की, तीमथ्याचा निष्कपट विश्वास पहिल्याने त्याच्या आजीच्या ठायी वसत होता, मग त्याच्या आईच्या, युनीकेच्या ठायी वसला. 'वसणे' ह्या क्रियापदाकडे आपण नीट लक्ष द्यावे. पाहुणा येतो, चहा घेतो व जातो. वस्तीला असलेले माणूस मात्र सकाळी उठते, खोकते, रागावते, हसते, जेवते आणि तेथेच झोपते. लोईसेचा विश्वास सणावाराला येणारा पाहुणा नव्हता. तो घरातला माणूस होता. आणि विश्वास असा वस्तीला असला, म्हणजे तो लेकरांना दिसतो.

लोईसेचे घर लुस्त्राच्या परिसरातले. त्या गावाविषयी प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक गंमतीची गोष्ट आहे. पौलाने एका पांगळ्याला बरे केले तेव्हा लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले. पौल व बर्णबा ह्यांना देव समजून बैल आणि फुलांच्या माळा येईपर्यंत काय चालले आहे हे त्या दोघांच्या ध्यानी आले नाही. तीमथ्याची आई यहूदी, बाप हेल्लेणी. घरात एक बोली, बाजारात दुसरी, शास्त्राची तिसरी. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लोईस आपल्याकडचीच आजी वाटते.

आमच्या निपाणीच्या घरात अशीच एक आजी होती. तिचे माहेर गोकाकाकडचे, म्हणजे कानडी मुलखातले. ती लग्न होऊन निपाणीला आली आणि मराठी शिकली. ऐन उमेदीत तिने तंबाखूच्या वखारीत काम केले आणि मुले वाढविली. ती प्रार्थना मराठीत करी, नाणी कानडीत मोजी आणि रागे भरे ती दोन्हीत. आमच्याकडच्या बायकांप्रमाणे ती 'मी आलो, मी गेलो' असेच बोले. पुण्याहून आलेली एक पाहुणी त्यावर हसली, तेव्हा आजी म्हणाली, "देवाला समजतंय की. तुला कशाला काळजी?"

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आजी सांगे, "मी जाग्यावरनं हललो न्हाई, सरकारच हिकडनं तिकडं गेलं!" पुढे २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले, तेवढे पाहायला मात्र ती राहिली नव्हती. राहिली असती, तर त्यावरही काही बोलल्यावाचून राहिली नसती.

तिच्या प्रार्थनेची आम्हां मुलांना धास्ती असे. डोळे मिटले की ती देवाला घरातला सगळा कारभार सांगे. "प्रभू, थोरल्यानं गुळाचा डबा उघडलाय, त्येला क्षमा कर, पर आधी त्येच्या आईला कळू दे." भाकरी निवून जाई, पण आमेन लवकर येत नसे. चर्चमध्ये ती सर्वांच्या मागून अर्धी ओळ गाई. त्यामुळे प्रत्येक गीताला दोनदा शेवट असे. एकदा पाळकसाहेबांनी दारात विचारले, "आजी, आजचा उपदेश कसा वाटला?" ती मनापासून म्हणाली, "लई शांती मिळाली बघा. महिन्याभरात अशी झोप लागली न्हवती."

आता हे सारे ऐकून कोणी म्हणेल, यात विश्वास कोठे आहे? ही तर करमणूक झाली. पण आणखी एक गोष्ट सांगतो. आजीला अक्षर येत नव्हते. दररोज रात्री कंदील पुढे ओढून ती आम्हांपैकी एकाला शास्त्र वाचायला बसवी. थोरल्या दादाने एकदा कंटाळून वंशावळीतली चार नावे गाळली. आजीचे डोळे मिटलेले होते, हातातल्या सुपात तांदूळ होते. ती म्हणाली, "मागं जा. बवाज कुठं गेला?" अक्षरशत्रू बाईला बवाज जागेवर नाही हे कळले! कोणाकोणाकडून वर्षानुवर्षे वाचून घेतलेले तिने मनात साठविले होते. आम्हांला वाटे, आम्ही तिचे डोळे झालो आहोत. खरे पाहता ती आम्हांला शास्त्राची वाट दाखवीत होती. तीमथ्याला बाळपणापासून पवित्र लेखांची माहिती होती, असे पौल लिहितो. ती त्याला कशी झाली असेल, याची कल्पना मला त्या सुपावरून व कंदिलावरून येते.

लेकरू ज्या माणसाला हसते, त्याला ते भीत नाही; आणि ज्याला भीत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसते. म्हणून आजीची गंमत आणि आजीची भक्ती ही वेगळी काढता येत नाहीत. पवित्र शास्त्रातही वडीलधाऱ्यांचे हसणे लपविलेले नाही. सारा तंबूच्या दारामागे हसली, वर 'मी हसले नाही' असे म्हणाली, आणि 'तू हसलीसच' असे तिला ऐकावे लागले. पुढे झालेल्या मुलाचे नाव इसहाक. त्या नावाचा अर्थच हसण्याशी जोडलेला आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला तर अशी एक आजी लाभली आहे, की जिच्या हसण्याने सारे मराठी साहित्य समृद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षे मोठे दुःख सोसले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. पुत्र देवदत्त ह्यांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथात वडिलांचे कडक सोवळे आहे, पतीचा लहरी स्वभाव आहे, दारिद्र्य आहे, वियोग आहे. आणि ह्या सर्वांतून लक्ष्मीबाई सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःला. पुढे त्याच ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी संपादित केली. आईला लिहावयास बसविणारा पुत्र आणि आजीचे लिखाण जपणारा नातू घरात होते, म्हणून हा ठेवा आपल्या हाती आला. किती घरांतल्या आज्या अशाच बोलत होत्या, पण लिहून घेणारे कोणी नव्हते!

येथवर सारे गोड झाले. पण वाचकहो, आजीच्या आठवणी नातवंडांना जितक्या गोड असतात, तितक्या त्या सुनेला असतीलच असे नाही. आम्ही आजीला हसत होतो, कारण तिचे लुगडे आम्हांला धुवावे लागत नव्हते. आजी आणि आमची आई ह्यांचे आमटीतल्या मिठावरून बारा वर्षे भांडण चालले होते. आजीचा प्रत्येक विनोद आईच्या वाट्याला टोमणा म्हणून येई. आजी तोंडावर कधी तिला चांगले म्हणाली नाही. परंतु एका रात्री आई पाण्याचा तांब्या ठेवायला गेली आणि दाराशी थबकली. आत आजी देवाला सांगत होती, "मला लेक न्हाई म्हणून रडलो मी. तू सून दिलीस. मीठ कमी घालती, पर सोन्यासारखी हाय." आईने तांब्या तसाच दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी आमटी थोडी खारट झाली होती.

शेवटच्या दोन वर्षांत आजीची मराठी गेली. नातवंडांची नावे गेली, निपाणीतली चाळीस-पन्नास वर्षे गेली, आणि माहेरची कानडी तेवढी राहिली. आई कोल्हापूरकडची; तिला कानडीचे अक्षर येत नव्हते. ती शेजारच्या अक्कांकडे गेली आणि वयाच्या पन्नाशीत पाचवीतल्या मुलीसारखी शब्द पाठ करू लागली. पाणी म्हणजे नीरु. जेवण म्हणजे ऊटा. ताट घेऊन ती आजीपाशी बसे आणि म्हणे, "अज्जी, ऊटा माड्री." आजी तिचे उच्चार ऐकून हसे, आणि हसता हसता दोन घास खाई. प्रभूची प्रार्थना आजी कानडीत म्हणे व आई तिच्याबरोबर मराठीत म्हणे. दोघींचे आमेन मात्र एकाच वेळी येई.

रूथच्या पुस्तकाचा अर्थ मला तेव्हा उमजला. नामी बेथलेहेमास परतली ती कडवट होऊन; मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, असे ती बायकांना सांगते. अशा सासूबरोबर राहणे सोपे नव्हते. तरी परमुलखातल्या सुनेने तिचे लोक आपले मानले, तिचा देव आपला मानला. शेवटच्या अध्यायात ओबेद जन्मतो, आजी त्याला उराशी धरते आणि शेजारणी म्हणतात की, ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद आणि त्याच वंशात आपला प्रभू. तारणाच्या इतिहासाची वाट एका सासू-सुनेच्या घरातून गेली आहे. तेथे एकीने जागा दिली नसती, तर दुसरीच्या मांडीवर लेकरू खेळले नसते.

पौलाने तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, विधवांविषयी सांगताना मुलांबरोबर नातवंडांचाही उल्लेख केला आहे. त्यांनी भक्ती प्रथम आपल्याच घरी आचरावी आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावे, असा त्याचा आशय आहे. लक्षात घ्या, आजीची स्तुती करून पौल थांबत नाही. आजीला सांभाळा, असेही तो सांगतो. आज आपली मुले पुण्याला, बेंगळुरूला, आखातात आहेत. निपाणीच्या घरात म्हातारी एकटी असते, नाहीतर महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे, अशी तिची पाळी लावलेली असते. नोकरीसाठी लांब जावे लागते, यात दोष कोणाचा नाही. पण जी आपल्याच लेकरांच्या घरी पाहुणी झाली, तिचा विश्वास नातवंडांच्या घरी वस्तीला कसा येणार?

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. येत्या महिन्यात एक रविवार आजी-आजोबांसाठी ठेवा. प्रत्येक मुलाने घरी तीन प्रश्न विचारावेत : दुःखाच्या दिवसांत तुम्ही कोणते गीत गात होता? तुमच्यासाठी प्रार्थना कोण करीत असे? आणि चर्चमध्ये तुम्हांला सर्वांत जास्त हसू केव्हा आले? उत्तरे वहीत लिहावीत, मोबाईलवर आवाज साठवावा. आजी गावी असेल, तर फोन करावा. ज्या मुलाला आजी नाही, त्याला मंडळीतली एखादी वृद्ध भगिनी द्या. रूफाची आई ती माझीही आई, असे पौलाने रोमकरांस कळविलेच आहे.

आणि घरधन्यांनो, घरधनिणींनो, ह्या आठवड्यात सासूची किंवा आईची एक गोष्ट पुन्हा ऐका, जरी ती शंभरदा ऐकलेली असली तरी. तिच्याविषयी जे चांगले तुम्ही फक्त देवाजवळ बोलता, ते एकदा तिच्यासमोर बोला. आमच्या आईला ते दाराआडून ऐकावे लागले. आपल्या घरात तसे होऊ नये.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या घरांतील वृद्धांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. त्यांचे हसणे आम्हांला ऐकू दे, त्यांचे रागावणे सोसू दे, त्यांची भाषा शिकण्याची नम्रता आम्हांला दे. जो विश्वास त्यांच्या ठायी वसला, तो आमच्या लेकरांच्या घरीही वस्तीला राहो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.