पैशाची परतीची वाट

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जे आकडे झळकतात ते बहुतेक सगळे खर्चाचे असतात. सिंचनाला इतके कोटी, रस्त्यांना इतके, अमुक योजनेला इतके. सत्ताधारी आकडा मोठा आहे म्हणून पाठ थोपटून घेतात, विरोधक तो अपुरा आहे म्हणून सभात्याग करतात. पण सरकारने पैसा सोडला की प्रदेश वाढतो आणि जास्त सोडला की जास्त वाढतो, हे गृहीत दोघांचेही एकच असते. मला ते मान्य नाही. एखाद्या मुलखात पैसा किती आला यावरून त्या मुलखाच्या वाढीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. आलेला पैसा तिथल्या किती हातांतून फिरला आणि शेवटी कोणत्या वाटेने बाहेर पडला, हे पाहिले तर बांधता येतो. ही वाट आपोआप पडत नाही. कर, परवाने, जकात, कर्जवसुलीचे नियम यांनी सरकारच ती आखत असते, पुष्कळदा नकळत. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास या दृष्टीने वाचला तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात १८६१ पासून करावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या बंदरात पैशाचा लोंढा आला. बॅक बेच्या भरावाचे शेअर डोळे पांढरे करणाऱ्या भावांना विकले गेले, प्रेमचंद रायचंद या शेअरदलालाचे नाव सर्वतोमुखी झाले. दख्खनच्या ज्या तालुक्यांत कापूस जेमतेम पिकत होता तिथेही हा पैसा झिरपला. रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळत होती, बैलगाड्यांना भाडी होती, धान्याचे भाव चढले होते. साहूकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. याच दशकात सरकारने जमिनीची फेरमोजणी करून सारा वाढवायला घेतला, कारण चढे भाव टिकतील असे तेव्हा सगळ्यांनाच वाटत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. सारा मात्र वाढलेलाच राहिला आणि तो रोखीने भरायचा होता. भरपूर पैसा येऊनही मागे उरले ते कर्जरोखे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात जमाव साहूकारांच्या दुकानांवर चालून गेला, तेव्हा त्याचा मुख्य रोख या कागदांवर होता.

सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. कुळाला कर्जापायी तुरुंगात टाकण्यावर बंधन आले आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. हेतू चांगला होता. पण साहूकाराची वसुली अवघड करताना कर्जाचा दुसरा मार्ग उघडला नव्हता, त्यामुळे सावकारी नाहीशी न होता तिने नुसते रूप बदलले आणि गहाणाच्या जागी खरेदीखते आली. दुसरा मार्ग कोणता असावा हे सुचवणारी माणसे पुण्यातच होती. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. खाजगी भांडवल, माफक व्याज आणि सरकारी यंत्रणेमार्फत वसुली असा तिचा आराखडा होता. हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दाखवली, लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानड्यांनी मांडले की इंग्लंडात रुजलेले अर्थशास्त्राचे नियम सर्वकाळी, सर्वस्थळी लागू पडत नाहीत आणि शासनाला आर्थिक जीवनात अंग काढून बसता येणार नाही. या मांडणीच्या मुळाशी पुरंदरचा अनुभवही असावा, असा माझा तर्क आहे.

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला खरा, पण अर्ध्या शतकानंतर गोरवाला समितीने देशातल्या ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा फक्त ३.१ टक्के भरला, आणि सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे निघाले. त्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ च्या अहवालातली सगळ्यात धाडसी शिफारस होती सरकारी भागीदारीची: दुबळ्या संस्थांना नुसते कर्ज देऊन भागणार नाही, सरकारने त्यांच्या भागभांडवलात उतरावे. याच गाडगीळांनी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला होता आणि त्याचे अध्यक्षपदही सांभाळले होते. १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. पुढे राज्याचे भागभांडवल, राज्याची थकहमी, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज आणि परवाने देताना सहकाराला झुकते माप, या चार आधारांवर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली.

इथे आकड्यांपेक्षा व्यवहाराची रचना पाहण्यासारखी आहे. सभासद ऊस घालतो, काट्यावर वजन होते, आणि ऊसबिल हातात पडण्याआधीच त्यातून सोसायटीचे पीककर्ज वळते होते. म्हणजे जिल्हा बँकेची वसुली कारखान्याच्या दारातच होते आणि पुढच्या हंगामाला तोच पैसा पुन्हा कर्ज म्हणून त्याच शिवारात येतो. बिलातूनच ठेवी कापल्या जातात. त्यांतून गाळपक्षमता वाढते, मळीवर चालणारी आसवनी उभी राहते, शाळा, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालये निघतात. साखर मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या बाजारात विकली जाते, पण तिचा पैसा तालुक्याच्या गावी परत येतो आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यापासून कापडदुकानदारापर्यंत दहा हातांतून फिरतो. सरकारने यात घातलेली रक्कम एकूण उलाढालीच्या मानाने मोठी नव्हती. पैशाला परतीची वाट आखून दिली गेली होती, हे तिचे मोल.

आता त्याच राज्यात, त्याच सरकारच्या काळात कापसाचे काय झाले ते पाहू. १९७१ चा कायदा करून १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारी यंत्रणा घेणार, हमीभाव देणार, वर नफा झाला तर तोही वाटणार. कागदावर ही योजना उसापेक्षाही उदार होती. पण शेतकऱ्याने कापूस केंद्रावर घातला की त्याचा पुढच्या व्यवहाराशी संबंध संपत असे. जिनिंग झाले, सरकी वेगळी झाली, रुईच्या गाठी बांधून बाहेर गेल्या. सूत आणि कापड दुसरीकडे तयार झाले आणि त्यातली कमाईही दुसरीकडेच राहिली. चुकारे हप्त्याहप्त्याने, रखडत यायचे. शेजारच्या राज्यांत भाव जास्त असला की कापूस चोरवाटांनी सीमेपलीकडे जाई, आणि तिकडे भाव पडला की तिकडचाही कापूस इथल्या केंद्रांवर येई. तोटा सरकारी तिजोरीने सोसला, आणि २००२ मध्ये मक्तेदारी उठली तेव्हा तीस वर्षांच्या त्या खर्चातून विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मालकीची फारशी यंत्रसामग्री उभी राहिलेली नव्हती. सूतगिरण्या निघाल्या, पण उसाच्या कारखान्याने आपल्या परिसराला बांधून घेतले तसे त्यांना साधले नाही. त्यांतल्या पुष्कळ तर कापसाच्या पट्ट्याबाहेर निघाल्या!

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ऊस बागायती, कापूस कोरडवाहू, हा फरक पाण्याचा आहे, पैशाच्या वाटेचा नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो धोरणाच्या बाहेर जात नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा आणि भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. दुष्काळनिवारणासाठी सरकारी पैशाने झालेली ही कामे आहेत. त्या पाण्यावर साखरधंदा फोफावला तो १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यानंतर. पाणी कुठे जाईल हे नदीच्या बरोबरीने तिजोरीने ठरवले होते. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्यातला विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटींच्या घरात काढला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, विदर्भाचा होता. अनुशेषाच्या या हिशेबात एक त्रुटी मात्र राहिली. तो न झालेल्या खर्चाचा हिशेब होता. खर्च झाल्यावर पैसा विदर्भातच कसा फिरेल हा प्रश्न त्या चौकटीत मावत नव्हता, आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आल्यावरही वाद निधीच्या टक्केवारीपुरताच उरला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पैशाची वाट सरकार आखणार म्हणजे त्या वाटेवर नाके बसवणारेही येणार. याला नाही म्हणता येत नाही. ज्या कपातीतून महाविद्यालये उभी राहिली तिच्यातूनच घराणी उभी राहिली. थकहमीवर घेतलेली कर्जे कारखान्यांनी थकवली, राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त झाले, कित्येक सहकारी कारखाने खाजगी हातांत गेले. आणि या सगळ्या रचनेत बीडच्या ऊसतोड मजुराला वाटा मिळाला तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा. त्याच्या बाबतीत परतीची वाट उलटी फिरते, कारण हंगामाआधी घेतलेली रक्कम फेडायलाच तो फडात येतो. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचीही हीच दुहेरी कहाणी आहे. १९७७ ते १९९० या काळात बँकेला शहरात एक शाखा हवी असेल तर शाखा नसलेल्या चार ठिकाणी ती उघडावी लागे. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये दाखवले की या विस्ताराने ग्रामीण दारिद्र्य घटले. शॉन कोल यांनी चार वर्षांनी दाखवले की निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांचे शेतीकर्ज फुगते आणि त्या फुगवट्याने उत्पादन वाढत नाही. दोन्ही निष्कर्ष मला खरे वाटतात, आणि त्यांच्यात विरोध दिसत नाही. शाखेने गावात कर्जाची आणि वसुलीची कायमची सोय केली. निवडणुकीच्या कर्जाच्या वसुलीत कोणालाच रस नव्हता.

कर्जमाफीकडेही असेच पाहावे लागते. २००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ६०,००० कोटींची माफी जाहीर झाली आणि संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, जमीन जास्त पण उत्पन्न तुटपुंजे असलेला, पुष्कळदा त्या मर्यादेबाहेर राहिला, आणि सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते. संकटातल्या माणसाला दिलासा देण्याला माझा विरोध नाही. पण माफीचा पैसा गावात येतच नाही. तो बँकेच्या ताळेबंदात एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. पुढच्या माफीची वाट पाहत हप्ते थांबले की बँकही नवे पीककर्ज देताना हात आखडते.

मग हे सगळे बाजारावरच का सोडू नये? १९९१ च्या आधीचा अनुभव या प्रश्नाच्या बाजूने बोलतो. तेव्हा बँकेत जमा झालेल्या शंभर रुपयांतले साडेत्रेपन्न रोख राखीव निधी आणि सरकारी रोखे यांतच अडकून पडत. ही वाट सरकारने स्वतःच्याच दारी वळवली होती. नरसिंहम समितीने ती मोकळी करायला सांगितले ते योग्यच झाले. पण मोकळा झालेला पैसा पुढच्या तेजीत वीजप्रकल्प, पोलाद आणि रस्त्यांच्या मोठ्या कंत्राटांकडे वाहिला आणि मार्च २०१८ मध्ये बँकांची थकीत कर्जे ११.२ टक्क्यांवर गेली. त्यातला मोठा भाग बड्या कंपन्यांचा होता. वजनदार ऋणकोपुढे वसुली थांबते, मग ते वजन मतांचे असो की भांडवलाचे. दक्षिण कोरियात १९६१ नंतर बँका सरकारच्या ताब्यात होत्या आणि स्वस्त कर्ज सरकारच्याच मर्जीने मिळे, तरी तिथे ते निर्यातीच्या कामगिरीशी जोडलेले होते. माल परदेशात खपला की नाही हे बंदरावर कळते, त्यात मंत्र्याच्या शब्दाला वाव कमी. पुढे तिथेही उद्योगघराणी डोईजड झाली आणि १९९७ चे संकट आले. तोवर मात्र देश एका पिढीत गरिबीतून वर आला होता.

पैशाची वाट आखण्याच्या या सरकारी हत्याराची दुसरी बाजूही महाराष्ट्राने अनुभवली आहे, आणि तिची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पोलाद देशभर एकाच दराने मिळावे म्हणून वाहतुकीचा खर्च समान केला गेला होता. खाणीजवळ कारखाना काढण्याचा बिहारचा नैसर्गिक फायदा त्याने पुसला, आणि मुंबई-पुणे पट्ट्यातल्या अभियांत्रिकी उद्योगाला पोलाद जवळ असल्यासारखे मिळाले. आपल्या उद्यमशीलतेचे गोडवे गाताना हा चार दशकांचा हातभार आपण सोयीस्करपणे विसरतो.

ऑगस्ट २०२४ पासून राज्यात पात्र महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. सुरुवातीला वार्षिक खर्च ४६,००० कोटींचा सांगितला गेला. याला रेवडी म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत. मला ती टीका उथळ वाटते, कारण गरीब बाईच्या हातातला पैसा लवकर खर्च होतो, आणि त्यातला बराचसा आधी गावच्या दुकानातच जातो. प्रश्न त्याच्या पुढच्या टप्प्याचा आहे. दुकानातल्या तेलाच्या पिशवीचे पैसे कुठे जातात?

लातूरची सोयाबीनची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. मराठवाड्यात सोयाबीन पिकते आणि तिथेच गाळलेही जाते. म्हणजे उसाला जी वाट सरकारने घडवून दिली ती इथे बऱ्याच अंशी आपसूक तयार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ मध्ये ते निम्म्यावर, १० टक्क्यांवर आणले. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी मिळत होते. शुल्क उतरले की तेल स्वस्त होते आणि शहरातली महागाई आटोक्यात दिसते. पण त्या पिशवीतला रुपया लातूरच्या गिरणीवरून वळून इंडोनेशिया नाहीतर अर्जेंटिनाकडे जातो. राज्य सरकार लातूरच्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये घालते आणि त्यातले किती लातुरात राहतील हे दिल्लीतली शुल्काची अधिसूचना ठरवते. या दोन निर्णयांचा हिशेब एकत्र मांडणारे टेबल सरकारात कुठेही नाही.