शब्द नाही, म्हणून अडाणी?

सीमाभागातल्या मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा कॉलेजात जातो आणि एकाएकी मुका होतो. पुस्तकात ‘अझ्यूम’ येते, ‘इन्फर’ येते. हा मान खाली घालतो. वास्तविक भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहिताना त्याने शेकडो वेळा गृहीत धरलेले असते. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे ‘तर्कसंग्रहा’तले अनुमान तर त्याच्या आजीलाही कळते. मग त्याला अडाणी ठरवणारे आपण कोण?

न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली. अवघी ५७० शब्दकुळे. पण अभ्यासग्रंथांतला सुमारे दहावा हिस्सा मजकूर त्यांनीच व्यापलेला. ही शिदोरी मुलांना न देता नुसती अस्मितेची भाषणे देणे मला अन्यायाचे वाटते. (भाषणे देणाऱ्यांची मुले बहुधा इंग्रजी शाळेतच असतात.)

पण यादी घोकून घेणे हाही अन्यायच. ‘प्रूफ’ आणि ‘एव्हिडन्स’ दोहोंना आपण सरसकट पुरावा म्हणतो. भूमितीतली सिद्धता संशयाला जागा ठेवत नाही; पुरावा एका बाजूचे पारडे जड करतो, इतकेच. हा भेद मुलाला मायबोलीत उमगला, तरच तो शब्द त्याचा झाला. म्हणून मी तासाला एकच शब्द घेतो आणि त्यावर आधी मराठीत मनसोक्त वाद होऊ देतो. वर्षाकाठी शंभराच्या पुढे मजल जात नाही. उरलेल्या ४७० शब्दांचे काय, असे मुले विचारतात.