पौरुषाची कसोटी

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे घरातील लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीसमोर जमतात. तेथील कौटुंबिक मालिका केवळ स्त्रियांसाठी असतात, अशी एक समजूत आहे. परंतु पुरुषाने कसे असावे याचा पाठही घरातील मुले तेथूनच घेत असतात. तो पाठ कोणता, याचा विचार करणे अवश्य आहे.

२०१६ साली एकाच मराठी वाहिनीवर दोन मालिका सुरू झाल्या व दोन्ही लोकप्रिय ठरल्या. 'तुझ्यात जीव रंगला' हिचा नायक राणा हा कोल्हापूरकडचा पहिलवान. शरीराने बलदंड, मनाने भोळा, शिक्षिका असलेल्या अंजलीपुढे लाजणारा. 'माझ्या नवऱ्याची बायको' हिच्यातील गुरुनाथ अगदी उलट. पत्नीस फसवून दुसरीच्या नादी लागलेला. त्याची फजिती पाहून घरोघरी हशा पिकला, आणि राधिकेने मसाल्याचा उद्योग उभारला तेव्हा सर्वांस समाधान वाटले.

नायक सौम्य झाला व प्रतारणा करणारा नवरा उपहासास पात्र ठरला, हा लाभ थोडा नव्हे. तथापि राणा चांगला, कारण तो जात्याच भोळा. गुरुनाथ वाईट, कारण तो जात्याच लबाड. बरेवाईट निवडताना होणारी मनाची ओढाताण या दोघांत फारशी दिसत नाही.

याउलट १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर आठवावा. तो बुद्धिमान वकील. पत्नीवर त्याचे प्रेम. अभिमान दुखावला जातो आणि तो मद्याकडे वळतो. आपला अधःपात त्यास कळत असतो, म्हणूनच त्याला पाहताना प्रेक्षक मनात चरकतो. सिंधूचे निमूट सोसणे हा आज आदर्श नव्हे. राधिका तिच्या पुष्कळ पुढे गेली. पुरुषाच्या चित्रणात मात्र आपण मागे आलो, असे म्हणणे भाग आहे.

हे मला कळले ते स्वतःवरून. गेल्या वर्षी आमच्याच घरी एका वडीलधाऱ्या नातलगाने माझ्या पत्नीस तिच्या नोकरीवरून चारचौघांत टाकून बोलले. मी पानावरची मान वर केली नाही. मी गुरुनाथ नव्हे, एवढ्यावरच आजवर स्वतःस सज्जन समजत आलो होतो. पण कोणाचे वाईट न करणे निराळे आणि प्रसंगी कोणाच्या बाजूने उभे राहणे निराळे. पौरुषाची कसोटी या दुसऱ्या गोष्टीत लागते. आणि जेवताना मान खाली घालून बसलेला तो सामान्य, सुशील पुरुष मालिकांत क्वचितच दिसतो. दिसला असता, तर कदाचित मीही चरकलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. ती चारचौघांत मागावयास हवी होती. ते अद्याप माझ्याने झालेले नाही.